परदेशात मिशनवर सेवा करताना धीर आणि आनंद कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की झांबियात चिपाटाच्या बाजूला एका मिशन दवाखान्यात सेवेला येऊन काही महिने झाले, सगळं फार संथ चालतं, दिवसातून कितीदा तरी डोकं फिरतं आणि रात्री प्रार्थनेला बसलं की त्याचीच लाज वाटते. या प्रश्नाला सहसा मिळणारं उत्तर मला पाठ आहे. प्रार्थना वाढवा, अपेक्षा कमी करा, हसतमुख राहा. मलाही तेच ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मी वसईची, पेशानं नर्स. मठातली सिस्टर नव्हे. एका धर्मसंघाबरोबर स्वयंसेविका म्हणून मलावीत, म्हणजे तुमच्या सीमेपलीकडेच, एका मिशन हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात काही वर्षं होते. तुमच्या भागातली न्यांजा आणि आमची चिचेवा एकच भाषा. त्यामुळे तुमची चिडचिड मला परकी नाही.

माझं मत सरळ सांगते. तुमचा धीर सुटतोय तो श्रद्धा कमी पडते म्हणून सुटत नाही. आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही, म्हणून सुटतोय. आधी भाषा शिका. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी पोहोचले त्याच आठवड्यात मला वॉर्डात उभं केलं. मी म्हटलं, निदान काही महिने भाषा शिकू द्या, मग काम द्या. आमच्या तुकडीच्या प्रमुख म्हणाल्या, "प्रेमाची भाषा सगळ्यांना कळते." आसपासच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की आजही ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. प्रेमानं लेकराच्या कपाळावर हात ठेवता येतो. जुलाब कधीपासून, शेवटची लघवी कधी झाली, गावात कुठलं मूळ उगाळून पाजलं, हे प्रेमानं कळत नाही. ते आईला विचारावं लागतं आणि आईच्या भाषेत विचारावं लागतं. मलावीत सरकारी कारभार इंग्रजीत चालतो, म्हणून आपल्याकडच्या नर्सला वाटतं निभावेल. ऑफिसात निभावतं. खाटेशी नाही निभावत.

एक प्रसंग सांगते, तो जरा लांबेल.

पावसाचे दिवस होते. तिकडे डिसेंबरनंतर मलेरियाची मुलं येऊ लागली की एका खाटेवर दोन-दोन मुलं आणि खाली जमिनीवर चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायची सुती कापडं, पसरून त्यांच्या आया. प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस, त्याला सगळे गार्डियनच म्हणतात. बाहेरच्या पडवीत चुली पेटलेल्या, न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजतोय, ओल्या लाकडाचा धूर खिडकीतून आत. त्यात दोनेक वर्षांची एक मुलगी आली. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. नखं तशीच. श्वास भरभर चाललेला. हिमोग्लोबिन चारच्या खाली. रक्त चढवायलाच हवं होतं आणि आमच्याकडे तिच्या गटाची पिशवी नव्हती, नातेवाइकाचं घ्यावं लागणार होतं. कागद आईपुढे ठेवला. तिनं मान खाली घातली, एक शब्द बोलली आणि पडवीत जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली.

मी तिच्यामागे दोनदा गेले. कागद पुढे केला, मुलीकडे बोट दाखवलं, माझ्या दंडावर सुई टोचल्याची खूण केली. ती तसूभर हलेना. तापाचा तक्ता माझ्या हातात, छातीत धडधड, आणि अवतीभवतीच्या बायका शांत बसलेल्या. त्या शांततेचा मला जितका राग आला तितका त्या आईचाही आला नसेल. शेवटी वॉर्ड झाडणारी वयस्क बाई झाडू टेकवून जवळ आली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल."

तिथल्या चिचेवा बोलणाऱ्या चेवा लोकांत कुळ आईकडून चालतं. मुलं आईच्या घराण्याची, आणि त्यांच्या मोठ्या गोष्टींत शब्द मामाचा. त्याला मालुमे म्हणतात. त्याच्याशिवाय पान हलत नाही. ती आई हटून बसली नव्हती, भावाची वाट बघत होती, आणि हे त्या वॉर्डात माझ्याखेरीज प्रत्येकाला ठाऊक होतं. दुपारी तो सायकलवरून आला, नखशिखान्त भिजलेला. आल्या आल्या कागदावर अंगठा उठवील असं मला वाटलं होतं. त्यानं आधी क्लिनिकल ऑफिसरला, म्हणजे तिकडे डॉक्टरचं काम बघणाऱ्याला, नमस्कार-चमत्कार केले, घरच्यांची खुशाली विचारली, आपली सांगितली, खाली बसला, मुलीचं काय झालंय ते नीट ऐकून घेतलं, आणि मग बाही वर सारून स्वतःचा दंड पुढे केला. रक्त त्याचंच जुळलं. संध्याकाळी ती पोरगी मामाच्या मांडीवर बसून मक्याची पेज चाटत होती.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत माझी चिचेवा कामापुरती झाली होती. मूल दाखल करतानाच मी आईला विचारू लागले, मालुमे कुठे असतो, त्याला निरोप कोण देईल, फोन आहे का. एवढा प्रश्न कानावर पडला की आयांचे चेहरे सैल व्हायचे, तो क्षण मला अजून दिसतो. लॅबचा रिपोर्ट हातात यायच्या आत निरोप गेलेला असायचा. मामा लवकर यायचा, रक्त लवकर मिळायचं. मी काही जास्त सहनशील झाले नव्हते. माझ्यातली सहनशक्ती होती तेवढीच होती, फक्त ती आता भलत्या जागी खर्च होत नव्हती. आणि तुम्ही आनंदाचं विचारलंत, तर तो मला इथे सापडला. चॅपेलमध्ये बसून कितीदा मागितला तेव्हा मिळाला नाही. एका बाईला तिच्या भावाबद्दल तिच्या भाषेत विचारलं आणि ती खुलून बोलायला लागली, तेव्हा मिळाला.

हे काही माझं नवं शास्त्र नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवा. कोवळ्या वयात जेझुइट संघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा आत्मसात केली, वर्षानुवर्षं धर्मशिक्षक म्हणून राबले, तरी जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. बाहेर पडून व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये त्याच संघाचे फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर पुन्हा जपानला गेले, कारण त्या मंडळींना जपानी उत्तम बोलणारा माणूस हवा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत झाले. लहानपणी देवळात आम्हाला फक्त त्यांचं मरण सांगत. मला मात्र त्यांचं नाकारलं जाणं आणि त्यांची जपानी, या दोन गोष्टी मरणाइतक्याच मोठ्या वाटतात. आणि आपल्याकडे आलेल्यांचं म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापून झालं १६१६ मध्ये. मधल्या सदतीस वर्षांत त्यांना कोणी "काम काय केलंत?" म्हणून विचारलं असतं तर?

काम दिसत नाही, हीही तुमची तक्रार आहे. मलावीच्या सरोवराच्या काठी केप मॅक्लिअर आहे. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, मंडळींनी लिव्हिंग्स्टोनिया मिशन तिथे १८७५ मध्ये सुरू केलं. सहकारी मलेरियानं गेले, त्यांच्या कबरी तिथे आहेत. पहिला बाप्तिस्मा झाला १८८१ मध्ये, आल्बर्ट नामालाम्बे यांचा, आणि त्याच वर्षी मिशनला तिथून उठून उत्तरेला बांडावेला जावं लागलं. डॉ. रॉबर्ट लॉज पहिल्या तुकडीपासून होते. ते राहिले १९२७ पर्यंत, आणि न्यांजात नवा करार त्यांनीच आणला. मी कॅथलिक आहे, तरी त्या माणसापुढे माझी मान लवते. काही महिन्यांत काम दिसत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दूषणं देऊ नका.

भाषा कशी शिकायची तेवढं सांगते. मी एका निवृत्त मास्तरांना पदरचे पैसे देऊन दुपारी शिकले, मिशननं काही दिले नाहीत. या भाषेत नामांचे गट असतात, माणसांचा वेगळा, झाडांचा वेगळा, वस्तूंचा वेगळा, आणि गटाप्रमाणे क्रियापदाचं तोंडही बदलतं. हे पुस्तकावरून डोक्यात शिरत नाही, तोंडानं घोटावं लागतं. मिस्साचं वाचन आदल्या रात्री त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचून जा, म्हणजे प्रवचनातले शब्द कानाला लागतात. "आताते आथु", म्हणजे "हे आमच्या बापा" ही प्रार्थना, पाठ करा आणि संध्याकाळी वॉर्डातल्या बायकांबरोबर रोझरी त्यांच्या भाषेत म्हणा. त्या तुमचे उच्चार सुधारतील, भरपूर हसतील, हसू द्या. आणि सकाळी कामाआधी प्रत्येकीला "म्वाझुका ब्वांजी", म्हणजे सकाळी कशा उठलात, म्हणून उत्तर ऐकेपर्यंत थांबा. आम्हाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. तिकडे खुशाली न विचारता कामाचं बोलणारा माणूस उर्मट ठरतो, आणि उर्मटाची कामं रेंगाळतच होतात. तुम्हाला वाटणारा संथपणा थोडा तिथूनही येत असेल. मलावीतच मुआ इथे कॅनडाहून आलेले, व्हाइट फादर्स या कॅथलिक मिशनरी संघाचे फादर क्लॉड बूशे यांनी १९७६ मध्ये कुंगोनी हे संस्कृतिकेंद्र सुरू केलं. चेवांचे मुखवटे, विधी, नाच हे सगळं तिथे समजून घेता येतं. सुट्टीत जाऊन या. तुमचाही मुलूख चेवांचाच.

काही गोष्टी मात्र सोसायच्या नसतात, हे आधीच लिहायला हवं होतं. कपाटातली औषधं गायब होतात, रात्रपाळीचा माणूस झोपतो, कोणी पेशंटच्या अंगावर ओरडतं, तिथे धीर धरणं हा सद्गुण नाही. बोला, लेखी द्या. तिकडची संस्कृतीच तशी असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तिथल्या आयांनाही त्याचा तितकाच त्रास होतो.

दुसरं, मलेरिया होऊ नये म्हणून तुम्ही मेफ्लोक्विन घेत असाल आणि झोप उडणं, भयानक स्वप्नं, उगीच उदास वाटणं असं काही असेल, तर ते गोळीमुळेही होऊ शकतं. डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. माझ्याबरोबरच्या एका मुलीला याच तक्रारींसाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करायला सांगितलं होतं. नोव्हेना जरूर करावी, गोळीही बदलावी.

तिसरं, परत यावंसं वाटलं तर या. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वचन तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. ते बायबलातल्या, पौलानं लिहिलेल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं आहे आणि त्याच पत्रात एपफ्रदीत आहे. सेवेसाठी परगावी आलेला, मरणाच्या दारात जाऊन आलेला, घरच्यांसाठी तळमळणारा. पौलानं त्याला अल्पविश्वासी म्हटलं नाही. घरी पाठवला आणि अशांचा मान राखा असं लिहिलं. "दुःखावर दुःख" होऊ नये म्हणून देवानं माझ्यावरही दया केली, असंही पौल स्वतःबद्दल तिथे लिहितो. आमच्या प्रमुखांना मी हे तेव्हाच दाखवलं होतं. त्यांनी विषय बदलला.

आता तुमच्या सुपीरियरकडे जा आणि स्पष्ट मागणी करा: रोज दुपारचे दोन तास मोकळे, गावातला एक शिक्षक, त्याचं मानधन मिशनच्या खर्चातून, आणि भाषा येईपर्यंत तुमच्यावर एकटीनं वॉर्ड टाकायचा नाही. काम करता करता येईल भाषा, असं त्या म्हणाल्या, तर त्यांना विचारा की तोवर ज्या मुलांच्या आयांशी बोलता येणार नाही, त्यांचं काय करायचं.