जाहिरातीचं प्रमाणपत्र अडलंय? आधी पोच मागा

भाऊ, तुमचे मामा जिल्हा परिषदेला उभे, मोबाईलवरच्या जाहिरातीचा व्हिडिओ तयार, आणि प्रमाणपत्रासाठी कार्यालय रोज ‘उद्या या’ म्हणते, ही तुमची पोस्ट वाचून २०२४ ची विधानसभा आठवली. यवतमाळ जिल्ह्यात एका अपक्षाच्या मोबाईलवरच्या प्रचाराचं सारं काम माझ्याकडे होतं.

फेसबुक पेज काढणं वगैरे तुम्हाला येतंच. घोडं अडतं ते प्रमाणपत्रापाशी. पैसे भरून चालवायची जाहिरात माध्यम प्रमाणीकरण समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. विधानसभेला उमेदवारानं जाहिरात चालवायच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्यायचा, सोबत व्हिडिओच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता, म्हणजे व्हिडिओतलं बोलणं लिहून सही केलेला कागद. आम्ही पेनड्राइव्ह नेला. टेबलावरचे साहेब म्हणाले, सीडीच पाहिजे. आता सीडी मिळते कुठं, राजेहो? लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या फोटोवाल्याच्या कपाटात कोऱ्या सापडल्या, वर धूळ बोटभर. त्या दिल्या, तर संहितेवर सही नाही म्हणून परत. सही आणली, तर साहेब बैठकीत. साऱ्या त्रुटी एकदाच लिहून द्यायला काय जातं यांचं? प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा प्रचार संपायला एक रात्र उरली होती.

म्हणून आवक क्रमांकासह पोच घ्या, त्रुटी लेखीच मागा. अर्जावर सही मामांचीच हवी, तुमची नको. कारण विधानसभेच्या नियमात तिऱ्हाइताला सात दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. (तुमची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, मुदती तिथून तपासा. मी काही वकील नाही.) जाहिरातीचे पैसे स्वतःच्या कार्डानं भरू नका, खर्चाच्या हिशेबात उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.

माझं मत विचाराल तर खेड्यात पैशाची जाहिरात वाया जाते. जाहिरात कुठं दिसावी म्हणून नकाशात तालुक्याच्या गावावर पिन ठेवून परीघ आखला की बरीचशी शेजारच्या मतदारसंघात जाते. आमचं चाललं ते बिनपैशाचं. उमेदवार बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगापाशी उभा, हातात एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी. तेव्हाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, पट्टीवरचा भाव त्याहून कितीतरी खाली. बोलला दोनच वाक्यं. स्वतःच्या पेजवरच्या अशा साध्या पोस्टला, भारत निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे, प्रमाणपत्र लागत नाही. व्हॉट्सॲपवर एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतं, म्हणून गावागावात एकेक माणूस धरा. कृषी केंद्रवाला सगळ्यात बरा, त्याच्याकडे साऱ्यांचे नंबर असतात. कापूस वेचून आलेली माणसं आठनंतरच फोन पाहतात, बायांच्या हाती तर तो भांडी आटोपल्यावर येतो. व्हिडिओ लहान ठेवा, त्याच वेळी रेंजही जाते.