कॅल्शियम स्कोअरच्या अर्जात ‘इतर’वर खूण करू नका

तुम्ही लिहिले आहे की वय 46, वडिलांना 51व्या वर्षी हृदयविकाराचा झटका, कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साठले आहे ते स्कॅनवरून सांगणारा आकडा) 48 आणि अहवालात फक्त ‘सौम्य’ असा शेरा. काही वर्षांपूर्वी माझ्या हातात जवळजवळ असाच कागद होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

माझी चूक तपासणीच्या अर्जातच झाली. वंशाच्या रकान्यात श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी एवढेच पर्याय होते, म्हणून मी प्रामाणिकपणे ‘इतर’वर खूण केली. ‘इतर’साठी तक्ताच नसल्यामुळे अहवालात पर्सेंटाइलची, म्हणजे आपल्याच वयाच्या व गटाच्या किती टक्के लोकांपेक्षा आपला आकडा जास्त आहे त्याची, जागा कोरी राहिली. हृदयाच्या डाव्या पुढच्या धमनीसमोर 57, बाकीच्यांत मिळून 5, खाली बेरीज 62. त्या केंद्राला मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा ‘शंभराच्या आत आहे, काळजी नको’ एवढेच ऐकले. 47व्या वर्षी 62 हा आकडा सौम्य नसतो, हे मला तीन वर्षांनी, स्टेंट बसल्यावर, हृदयरोगतज्ज्ञांनी त्याच कोऱ्या जागेवर बोट ठेवून सांगितले. ती तीन वर्षे स्टॅटिनविना, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाविना गेली, याचा राग आजही जात नाही.

ते चार पर्याय मेसा या अमेरिकी अभ्यासातले आहेत. 2000 साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात 45 ते 84 वयाचे 6,814 लोक होते, पण दक्षिण आशियाई गट नव्हता. पुढे शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील आपल्या लोकांवर मसाला हा अभ्यास झाला. त्यात आपल्या पुरुषांच्या धमन्यांतील कॅल्शियम गोऱ्या पुरुषांच्या जवळपास आणि इतर तीन गटांपेक्षा जास्त आढळले. त्यामुळे तुमचा आकडा निदान श्वेतवर्णीय पुरुषांच्या तक्त्याशी ताडून द्या असा आग्रह धरा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्त्रियांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, तिथे माझा अनुभव लावू नका.

अमेरिकेतील 2018च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत स्टॅटिन सुरू करण्यासाठी स्कोअर ‘100 किंवा अधिक, अथवा 75वे पर्सेंटाइल किंवा त्यावर’ असे म्हटले आहे. फोनवर बोलणारे लोक ‘अथवा’च्या अलीकडे थांबतात, आणि चाळिशीतल्या माणसाचे सगळे मर्म त्याच्या पलीकडे असते. त्याच सूचनांत दक्षिण आशियाई वंश आणि वडिलांना वयाच्या 55च्या आत झालेला हृदयविकार हे दोन्ही धोका वाढवणारे घटक म्हणून नोंदलेले आहेत, तेव्हा वडिलांचे ‘51’ हे वय डॉक्टरांच्या नोंदीत आहे ना, ते स्वतः पाहून घ्या. माझ्या नोंदीत नुसते ‘वडिलांना हृदयाचा त्रास’ असे होते.

जाता जाता, लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, बहुतांशी आनुवंशिक असलेला रक्तातील कण) ही रक्ततपासणी एकदा करून घ्या. स्टॅटिन सुरू झाल्यावर घाबरून लगेच पुन्हा स्कॅन करू नका, कारण त्या औषधाने धमन्यांतला थर घट्ट होऊन स्कोअर वाढूही शकतो. आणि चालताना छातीत दाब जाणवू लागला, तर हा कागद बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठा; ही तपासणी लक्षणे नसलेल्यांसाठी आहे.