काका, प्लग कुठला घालू?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्मे प्रश्न प्लगचेच निघाले, पावसाळा लागला की दरवर्षी असंच होतं, गाडी चालू नाही झाली की पहिल्या शिव्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगला. म्हणून क्लच, चेन वगैरेवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न : माझी दीडशे सीसीची कार्बोरेटरवाली गाडी आहे. मॅन्युअलमध्ये एनजीके कंपनीचा सीपीआर८ईए-९ लिहिलाय. दुकानात तो नव्हता म्हणून सीपीआर६ईए-९ दिला, म्हणाले आटे तेच, लांबी तीच, बिनधास्त घाला. गावात ठीक चालते पण डबलसीट खंबाटकी चढताना इंजिनातून टकटक येते. प्लगमुळे असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : असू शकतं. दुकानदार आट्यांबद्दल खोटं बोलला नाही, सी म्हणजे १० एमएमचे आटे, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ एमएम, शेवटचा ९ म्हणजे गॅप, ठिणगी उडी मारते ती फट, ०.९ एमएम, हे दोन्हीकडे सारखंच आहे. घोळ मधल्या आकड्याचा आहे. एनजीकेत आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग थंड, म्हणजे तुमच्या गाडीत आता दोन पायऱ्या गरम प्लग बसलाय.

आता गरम प्लग म्हणजे ठिणगी जास्त गरम असं नाही हां, इथेच सगळ्यांची गल्लत होते. प्लगच्या टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडकडे किती पटकन निघून जाते एवढाच तो हिशोब. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असलं तर उष्णतेला लांबून जावं लागतं, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असलं की उष्णता लगेच निघून जाते, तो थंड. लांब दांड्याच्या उलथण्याचा चटका हाताला उशिरा बसतो ना, तसंच. टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या मधे राहायला हवं, त्याच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही आणि वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेतं. एका पायरीला टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो, तुम्ही दोन पायऱ्या चढलात आणि वर दोन माणसं घेऊन घाट, मग टकटकणार नाही तर काय. हे असंच चालवत राहिलात तर पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही.

आधी ८ नंबरचा घाला. तरीही आवाज राहिला तर ठिणगीचं टायमिंग आणि पिस्टनवरचा कार्बन बघायला सांगा, आणि घाटात टॉप गियरमध्ये गाडी ओढत नेत असाल तर ती सवय पण सोडा.

अजून एक, हे आकडे कंपनी बदलली की बदलतात. बॉशमध्ये सगळं उलटं, आकडा वाढला की प्लग गरम. डेन्सोमध्ये एनजीकेसारखंच पण आकडे वेगळे, एनजीकेचा ८ तो डेन्सोचा २४. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर आकडा अंदाजाने जुळवू नका, काउंटरवर तक्ता असतो तो मागा. आणि सीपीआरमधला आर पण सोडू नका. तो रेझिस्टरचा. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत बिन-आरचा प्लग घातला तर ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गडबडू शकतो.

प्रश्न : वडिलांची आरएक्स १०० आहे, दोन-तीनशे किलोमीटरला प्लग काळा आणि ओला होतो. गरम प्लग टाकावा असं मित्र म्हणतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापूर आणि आरएक्स, दुसरं काय येणार म्हणा. मित्र अगदीच चुकीचा नाही पण घाई करतोय. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, त्यामुळे प्लग थोडा काळवंडणारच, पण ओला होतो म्हणजे कुठेतरी जास्त जातंय. ऑइल पंपाची केबल सेटिंगमध्ये आहे का, वर टाकीत पण ऑइल मिसळून डबल डोस तर होत नाहीये ना, एअर फिल्टर चोंदलाय का, चोक अर्धवट अडकलाय का, एवढं बघा. पांढरा धूर खूप असेल आणि गियर ऑइल आपोआप कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकजवळ ऑइल अडवणारी रबरी रिंग) गेलंय, तिथून इंजिन गियर ऑइल पितं, मग तुम्ही प्लग कितीही बदला.

हे सगळं नीट असून गाडी फक्त शहरात रमतगमत चालत असेल तर एकच पायरी गरम घालून बघा. हायवेला लांब जायचं असेल तेव्हा मात्र मूळ नंबर परत घाला. आणि काढलेला प्लग पॉलिश पेपरने घासू नका, पेट्रोल आणि जुना टूथब्रश पुरे. आमच्या वेळी प्लग म्हणजे मायको कंपनीचाच, डिकीत एक जादा मायको आणि प्लगपाना असल्याशिवाय टू-स्ट्रोकवाला गावाबाहेर पडायचा नाही. ती पद्धत तुम्ही चालू ठेवा.

प्रश्न : ११० सीसीच्या स्कूटीला इरिडियम प्लग घातला तर अ‍ॅव्हरेज वाढतो का काका?
– एक कॉलेज विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जाणवेल एवढा नाही वाढत गं. इरिडियम हा धातू वितळतो २४०० अंशांच्या वर, साध्या प्लगमधलं निकेल साडेचौदाशेच्या आसपास, म्हणून इरिडियमचं टोक ०.४ किंवा ०.६ एमएम इतकं बारीक ठेवता येतं आणि ते झिजत पण नाही लवकर. बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजला पडते, थंडीत सकाळी स्टार्टिंगला बरं. पण तुझा जुना साधा प्लग झिजलेला असेल तर साधाच नवीन घातलास तरी गाडी हलकी वाटेल, आणि लोक त्याचं श्रेय इरिडियमला देतात. मॅन्युअलमध्ये इरिडियम लिहिला असेल तर तोच घे, नाहीतर त्या पैशात एअर फिल्टर बदल.

प्रश्न : पल्सर डीटीएस-आयला दोन प्लग आहेत, एकच खराब झालाय. एकच बदलला तर चालेल?
– एक वाचक, लातूर

उत्तर : चालेल, पण कशाला? दोन्ही एकाच दिवशी बसले, एकाच पेट्रोलवर चालले. दोन्ही बदला. २०० एनएसवाल्यांनी तीन मोजा.

प्रश्न : नवीन प्लग खरा की डुप्लिकेट कसं ओळखायचं, आणि घरी बसवताना किती टाइट करायचा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वॉशर बघा. खऱ्या प्लगचा वॉशर आट्यांवरून सहज गळून पडत नाही, डुप्लिकेटचा बऱ्याचदा बोटाने निघतो. आटे खडबडीत, छपाई पुसट, वरचा इलेक्ट्रोड वाकडा, असं काही दिसलं तर परत करा.

बसवताना इंजिन गार पाहिजे. आधी पाना लावायचाच नाही, हाताने फिरवत न्यायचा, अडला तर आटे तिरके बसतायत, काढून परत. हाताने पूर्ण बसला की नवीन वॉशर असेल तर पान्याने अर्धा फेरा, जुनाच प्लग परत लावताय तर नुसता जरासा आवळा. १० एमएमच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटरच (आवळण्याच्या जोराचं माप) लागतात. मी कॉलेजात असताना पान्यावर पाइप घालून प्लग आवळला होता, का तर ढिला नको राहायला, आणि हेडचे आटेच बाहेर आले. लेथवाल्याने हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग, बसवून दिली, त्याचे पैसे द्यायला मित्राकडून उसने घेतले होते.