हॉब्सनचा घोडा

'हॉब्सन्स चॉइस' या इंग्रजी वाक्प्रचाराला मराठीत 'इकडे आड, तिकडे विहीर' म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. नाही, येणार नाही. वाहिन्यांवरच्या चर्चांत हा वाक्प्रचार धर्मसंकट म्हणून सर्रास फेकतात आणि दर वेळी माझ्या कपाळाला आठी पडते. आड आणि विहीर म्हणजे दोन पर्याय झाले. हॉब्सनकडे एकच असायचा. हे घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालू लागा! काही विद्वान 'हॉब्सियन चॉइस' म्हणतात. तो टॉमस हॉब्ज, तत्त्वज्ञ. त्याचा इथे काय संबंध?

आपला टॉमस हॉब्सन केंब्रिजचा. केंब्रिज-लंडन टपाल आणि सामान वाहायचा, शिवाय घोडे भाड्याने द्यायचा. तबेल्यात चाळीसेक जनावरं. विद्यार्थी यायचे आणि सगळ्यांचा डोळा त्याच दोन-चार तेज घोड्यांवर. पोरं घोडा दामटणार, फेस येईपर्यंत पळवणार, मग त्याच घोड्याला पुन्हा मागणी. म्हणून हॉब्सनने नियम केला: दाराशी जो उभा असेल तोच न्यायचा. स्टेशनबाहेर पुढची रिक्षा सोडून मागची पकडायला गेलात की रांगेतले रिक्षावाले कसे अंगावर येतात, तसंच हे. गोष्ट सांगणारे बहुतेक जण यात मालकाचा हेकेखोरपणा बघतात. साफ चूक. 'स्पेक्टेटर' या लंडनच्या नियतकालिकातल्या १७१२च्या लेखात स्वच्छ लिहिलंय की या पद्धतीमुळे प्रत्येक घोड्याला सारखाच न्याय मिळे. माझं तर ठाम मत आहे की हा वाक्प्रचार म्हणजे चिडलेल्या पोरांची कुरकुर. घोड्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळा वाक्प्रचार दिला असता.

कवी मिल्टनमुळे हा वाक्प्रचार रूढ झाला, असंही ठोकून देतात. १६३१ मध्ये हॉब्सन वारला तेव्हा मिल्टन केंब्रिजमध्येच होता आणि त्याने त्याच्यावर दोन विनोदी कविता केल्या, हे खरं. प्लेगमुळे लंडनच्या खेपा बंद पडल्या आणि रिकामा बसून म्हातारा गेला, अशी त्यातली थट्टा. पण 'चॉइस'चा त्यात उल्लेखही नाही! कविता उघडून बघायला काय होतं? वाक्प्रचार छापलेला बघायचा तर १६६० मधलं सॅम्युअल फिशरचं पुस्तक आहे.

आणि कृपा करून 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाशी याचं नातं लावू नका. यूल आणि बर्नेल यांचा हा कोश १८८६चा, इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा. त्याच्या नावाची गंमत मात्र औरच. मोहरमच्या मिरवणुकीत लोक छाती पिटत 'या हसन! या हुसैन!' असा आक्रोश करत. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचं काय केलं, तर हॉब्सन-जॉब्सन! अनोळखी आवाजाला ओळखीच्या आडनावांचे कपडे चढवले. आपले शिपाई तरी कुठे मागे होते? त्यांनी 'रिक्रूट'चा रंगरूट केला. फिट्टंफाट! 'पलटण' या शब्दाची कथा याहून रंगतदार आहे. कुणीतरी विचारा, मग सांगतो.