दे माईट बी जायंट्स या अमेरिकन बँडचा 'फ्लड' हा अल्बम आवडला, आता त्यांचा 'लिंकन' ऐकू का? की नुसता चक्रमपणाच आहे?

ऐका, बिनधास्त ऐका. चक्रमपणा आहेच, तो नसेल तर हा बँड कशाला ऐकायचा! पण 'लिंकन'मधे त्या चक्रमपणाच्या खाली जे दुःख आहे ना, ते मला 'फ्लड'पेक्षा जास्त लागलं. (वाद घालायचा असेल तर कमेंटमधे या.)

थोडं मागचं सांगतो. जॉन लिनेल आणि जॉन फ्लॅन्सबर्ग, दोघं मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावात वाढलेले, म्हणून अल्बमचं नाव लिंकन, अब्राहमचा काही संबंध नाही. १९८१ मधे दोघं ब्रुकलिनला आले. एकाकडे अकॉर्डियन आणि सॅक्सोफोन, दुसऱ्याकडे गिटार, ड्रमर नाहीच, ड्रम मशीनवर भागवलेलं. मग लिनेलचा हात मोडला, फ्लॅन्सबर्गच्या घरात चोरी झाली, शो बंद पडले, तर यांनी काय केलं, घरच्या आन्सरिंग मशीनवर गाणी रेकॉर्ड करून ठेवली आणि नंबर जाहीर केला, फोन लावा नि गाणं ऐका, डायल-अ-साँग! मशीन एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच ऐकता यायचं. छोटी छोटी गाणी करायची ही सवय 'लिंकन'मधे दिसते, १९८८ चा अल्बम, साधारण चाळीस मिनिटांत १८ गाणी, एखादं गाणं आवडेपर्यंत संपलेलं असतं.

पहिलंच गाणं 'अ‍ॅना ङ'. हो, ङ च लिहिलंय मी. हे आडनाव रोमनमधे नुसतं एन आणि जी असं लिहितात, एकही स्वर नाही, आणि कँटोनीजमधे त्याचा उच्चार आपल्या ङ सारखाच आहे. शाळेत क ख ग घ ङ घोकलं, पुढं वाङ्मय सोडलं तर त्या अक्षराचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, इथं आख्ख्या बाईचं आडनाव निघालं. गाण्यात मात्र ते इंग असंच म्हणतात. आडनाव त्यांना फोनच्या डिरेक्टरीत सापडलं, पानंच्या पानं हेच आडनाव. गाण्यातला माणूस टेबलावरच्या पृथ्वीगोलावर आपल्या गावाच्या नावावर गोळी झाडतो, ती पलीकडून जिथून बाहेर पडेल तिथं हिचं घर. भेट कधीच झालेली नाही, होणारही नाही. आणि हे सगळं तुकड्या-तुकड्यात कापलेल्या गिटारवर, इतकं उड्या मारणारं की पहिल्या दहा वेळा मला कळलंच नाही हे विरहगीत आहे.

'पर्पल टूपे'मधे एक जण साठच्या दशकातल्या आठवणी सांगतोय पण सगळा गोंधळ. सेल्मा म्हणजे अलाबामातलं गाव, १९६५ चे मतदान हक्काचे मोर्चे तिथून निघाले, याला वाटतं सेल्मा कुणी बाई आहे. आपल्याकडे पण असे काका असतात की, 'आम्ही आणीबाणी बघितलीय' म्हणणारे, जरा खोदून विचारलं की कळतं तेव्हा हे बालवाडीत होते.

पण माझं सगळ्यात आवडतं 'दे'ल नीड अ क्रेन'. संसार मोडतोय, त्यानं तिच्यासाठी बांधलेलं घर पाडायला क्रेन लागणार आहे. मधेच एका दमात तो म्हणतो की थकलोय, आता प्रेम राहिलं नाही, आणि लगेच, एक हॉटेल आहे तिथं जाऊया का, छान लोक जातात तिथं... फक्त 'छान'च्या जागी तोंडातून आधी 'दुःस्वप्न' निघून जातं आणि मग सारवासारव. भांडण झालेल्या घरात रात्री जेवायचं काय हा प्रश्न असाच पडतो हो! चाल मात्र एकदम गोड. मी हे गाणं बसमधे ऐकत होतो, स्टॉप निघून गेला, पुढच्या स्टॉपवरून चालत आलो.

सगळीच गाणी भारी आहेत असं नाही. 'शूहॉर्न विथ टीथ' मला अजून झेपत नाही, 'सँटाज बिअर्ड' डिसेंबरमधेही सोडून देतो. आणि ड्रम मशीनचा तो खोक्यासारखा आवाज सुरुवातीला पोरकट वाटेल, पूर्ण बँड घेऊन केलेला त्यांचा पहिला अल्बम १९९४ चा 'जॉन हेन्री', तो तुलनेला ऐकून बघा, मला तरी खोक्याचीच आठवण आली.

तर हेडफोन लावा, शफल बंद करा, आणि 'क्रेन'च्या वेळी बस थांबा जवळ आला असेल तर आधी उतरून घ्या.