सिंहगडाचा दम आणि नामचेच्या दोन रात्री
वाचकांचे प्रश्न : उंचावरच्या ट्रेकची तयारी

प्रश्न : वय ४६. तीन वर्षं दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो, तासाच्या आत माथ्यावर असतो. बीपी, शुगर काही नाही. ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेसकॅम्पला जायचं आहे, पण रजा कमी पडते. वाटेतल्या नामचे आणि दिंगबोचे या मुक्कामांवरचे ‘आरामाचे’ दोन दिवस गाळले तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका गाळू. दुसरं काहीही कमी करा, हे दोन दिवस नकोत.

सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर आहे. तिथं पायांची आणि दमाची परीक्षा होते, विरळ हवेची होत नाही. ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब. बेसकॅम्पला, ५३६४ मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासातला ऑक्सिजनही त्याच मापानं कमी होतो. मग शरीर श्वास वाढवतं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्ताची आम्लता बिघडते आणि ती सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. या सगळ्याला काही दिवस लागतात. व्यायामानं ते दिवस कमी होत नाहीत. उलट चांगला दम असलेला माणूस भराभर चढतो आणि शरीर तयार व्हायच्या आत वर पोचतो, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं.

नियम असा : ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची. आता तुमचा मार्ग बघा. फाकडिंग २६१०, नामचे ३४४०. एका दिवसात ८३० मीटर झाले, म्हणून नामचेत दोन रात्री. पुढे तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०. इथं पुन्हा ५५०, म्हणून तिथंही दोन. त्यानंतर लोबुचे ४९४०. दोन्ही दिवस काढून टाकलेत तर लुक्ला, म्हणजे जिथं विमानानं उतरून चाल सुरू होते ते गाव, सोडल्यापासून पाचव्याच रात्री तुम्ही ४९४० मीटरवर झोपाल. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं हे सगळं अशाच घाईतून सुरू होतं.

शिवाय हा दिवस आरामाचा नसतोच. नामचेहून सकाळी ३८०० मीटरच्या आसपास चढून जायचं, तासभर थांबायचं आणि झोपायला खाली यायचं. रजा वाचवायचीच असेल तर उतरताना वाचवा. बेसकॅम्पजवळचा शेवटचा मुक्काम असलेल्या गोरक्षेपहून लुक्ला तीन दिवसांत गाठता येतं. मात्र लुक्लाची विमानं हवा बिघडली की बंद राहतात, त्यासाठी शेवटी दोन दिवस हातात असू द्या.

प्रश्न : आम्ही चौघं दिल्लीमार्गे विमानानं लेहला जाणार आहोत. माझं वय ५८. मुलगा म्हणतो, डायमॉक्सची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड करता येईल. मला लहानपणी सल्फाच्या गोळीनं अंगावर पुरळ उठलं होतं.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पुण्याची उंची ५६० मीटर, लेहची सुमारे ३५००. तुमच्या घरातून सकाळी निघालेलं शरीर मधली एकही पायरी न चढता तिथं उतरतं. म्हणून पहिले ४८ तास लेहमध्येच राहा. पहिला दिवस खोलीत आणि अंगणात, दुसऱ्या दिवशी बाजारात हळूहळू फेरी. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. खारदुंगला ५३५९ मीटरवर आहे, तिथं तिसऱ्या दिवसाच्या आधी जाऊ नका आणि खिंडीत फार वेळ रेंगाळू नका.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, शरीराला उंचीची सवय होण्याचं काम लवकर उरकायला मदत करते. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याची चव बिघडते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे औषधही सल्फाच्या कुळातलं आहे. तुमच्या पुरळाची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा, गोळी घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि मुलाच्या खिशातली गोळी परस्पर घेऊ नका.

ऑक्सिमीटर नेणार असाल तर बोट आधी काखेत धरून गरम करा. गार बोटावर आकडा खोटा येतो. लेहला ८५ ते ९० दिसलं तर बरेच जण हबकतात, पण त्या उंचीवर तो आकडा नेहमीचा आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी भरत असल्याची शंका घ्या. बोलणं असंबद्ध वाटलं किंवा तोल जातोय असं वाटलं, तर गोट्या खेळताना मुलं पावलाला पाऊल लावून अंतर मोजतात तसं सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. झोक जात असेल तर मेंदूला सूज येते आहे असं समजून त्याच क्षणी खाली निघा, रात्र असली तरी. सोबत माणूस हवाच, एकट्याला धाडू नका.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी घेतलेले महागडे ट्रेकिंग शूज माळ्यावर खोक्यात आहेत, फार तर पाच वेळा घातलेत. नवे घ्यायचे का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : न वापरलेले म्हणून चांगले, असं बुटांचं नसतं. तळव्यातला मधला मऊ थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. पुण्याच्या चार पावसाळ्यांची दमट हवा तो शोषत राहतो आणि आतून सुटत जातो. वरून बूट नवा दिसतो. हिमालयात दुसऱ्या दिवशी टाचेकडून सोल उघडतो आणि आतून पिवळट भुगा पडतो. असा थर गोंदानं चिकटत नाही, कारण चिकटायला काही उरलेलंच नसतं.

तपासायला सोलच्या बाजूला अंगठ्याचं नख दाबा. खूण राहून बारीक भेगा दिसल्या, किंवा थर चुरला, तर बूट काढून टाका. नख दाबल्यावर थर परत फुगला तर निघण्याच्या महिनाभर आधी कात्रज ते सिंहगड एकदा घालून चाला. टिकले तर न्या, आणि सॅकमध्ये थोडी डक्ट टेप असू द्या. नवे घ्यायचे झाले तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचे जाड मोजे घालून बघा. उतारावर उभं राहून पुढं सरका. अंगठा टोकाला लागत असेल तर अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर नखं काळी पडून निघतात.

प्रश्न : सात आठवडे उरलेत. चढताना त्रास नाही, उतरताना मात्र गुडघे दुखतात. सराव कसा करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो आणि तो सराव जिन्यानं चढण्यात होत नाही. लिफ्टनं वर जाऊन जिन्यानं सावकाश उतरा, आठवड्यातून तीनदा, पाच मजल्यांपासून सुरुवात करून दर आठवड्याला दोन मजले वाढवा. घरी एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय तीन सेकंदांत खाली टेकवा, प्रत्येक पायानं १२ वेळा, तीन फेऱ्या.

रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्यांनी पाच किलो भरून चढा. पहिले चार आठवडे वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला आणि हलकं होऊन उतरा. पाचव्या आठवड्यापासून निम्मं वजन खाली आणा. दोन्ही हातांत काठ्या धरा, उतारावर त्या थोड्या लांब करा. शेवटच्या आठवड्यात फक्त चालायचं. गुडघ्याला सूज येत असेल किंवा तो अडकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.