मुलाखत घ्यायला बसण्याआधी

प्रिय पोरी,
सप्रेम जिंदाबाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, संस्थेत जागा दोन आणि अर्ज 83. शिवाय उन्हाळी शिबिराच्या स्वयंसेवकांचा गठ्ठा वेगळाच. कुणावर अन्याय होऊ नये असं फार वाटतं." तेव्हा मी घाईत काहीबाही सांगितलं. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

आधी माझ्या हातून घडलेलं सांगते. मेळघाटात काम करताना क्षेत्र समन्वयकाची एक जागा भरायची होती. शेवटी दोन नावं उरली. एक शहरातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून आलेला मुलगा, दुसरी धारणीकडची कोरकू आदिवासी मुलगी, मुक्त विद्यापीठातून बीए झालेली. आम्ही मुलाला घेतलं. तो चांगला निघाला, तीन वर्षं मनापासून राबला, त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. वर्षभरानं ती मुलगी मला बाजारात भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून तिनं सरळ विचारलं, "ताई, माझं काय कमी पडलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुनी वही काढली. तिच्या नावापुढे मीच लिहिलं होतं, "आत्मविश्वास कमी." त्याच्या नावापुढे, "तळमळ दिसते." बाकी पान कोरं.

आत्मविश्वास कमी, हे कशावरून ठरवलं? ती खाली बघून बोलत होती आणि वाक्य पुरं करायला वेळ घेत होती, एवढ्यावरून. मराठी ही तिची दुसरी भाषा. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. मराठीचं आणि तिचं कूळच वेगळं. आम्ही तिला परक्या भाषेत प्रश्न विचारले आणि तिचं अडखळणं तिच्या स्वभावाच्या खात्यात मांडलं. आणि काम काय होतं? कोरकू आयांशी त्यांच्या ओट्यावर बसून बोलायचं! कदाचित सगळं नीट तपासूनही तो मुलगाच निवडला गेला असता. पण मी तपासलंच नव्हतं. मला तो आवडला होता, आणि त्या आवडण्याला मी तळमळ असं नाव दिलं होतं.

हा शब्द आपल्या क्षेत्रात फार चालतो. तळमळ, बांधिलकी, सेवाभाव. माझी पहिली विनंती अशी की गुणपत्रिकेतून हे शब्द काढून टाक. आपल्याला तळमळ ओळखू येते ती आपल्याच भाषेत बोलली तर. "समाजाचं ऋण फेडायचंय" म्हणणारा आपल्याला आपला वाटतो. "घराजवळ नोकरी हवी आणि पगार वेळेवर हवा" म्हणणारी मुलगी व्यवहारी वाटते. पण ती दुसरी कदाचित सातवीपासून वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे कागद भरून देत असेल. ते काम तिला समाजकार्य वाटत नाही, त्यामुळे अर्जात लिहायचं तिला सुचलेलंही नसतं. तूच विचार: "कुणी सांगितलं नव्हतं तरी बरेच दिवस करत राहिलात असं काही काम सांगा. रोज नेमकं काय करत होतात? अडलं कुठे?" तपशील द्यावे लागतात तेव्हा पाठ केलेलं भाषण फार टिकत नाही.

आता आडनावाचं. आपल्याकडे "पूर्ण नाव सांगा" आणि "मूळ गाव कोणतं?" या दोन प्रश्नांत काय विचारलेलं असतं हे तुला मी सांगायला नको. आपण चळवळीतली माणसं, आपण जात बघत नाही, असं आपल्याला मनापासून वाटतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी 2005 पासून वर्षभराहून अधिक काळ खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण, पात्रता सारखी; फरक फक्त नावाचा. 2007 साली निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याच्या संधीचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. हे अजून मुलाखतीपर्यंत पोचायच्या आधीचं, नुसत्या कागदावरचं. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी दिल्लीकडच्या नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं, तर बहुतेक जण उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारत होते आणि त्यात आपण काही गैर करतो असं त्यांना वाटत नव्हतं. हे सगळं कंपन्यांचं, संस्थांचं नव्हे, हे कबूल. पण "घरचं वातावरण कसं आहे?" हा प्रश्न मी संस्थांच्या मुलाखतींत इतक्या वेळा ऐकलाय, आणि स्वतः विचारलाय, की आपण वेगळे आहोत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून एक कर. 83 अर्जांचं पहिलं पान तुमच्या लेखापालाला झाकायला सांग: नाव, फोटो, जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय. आपल्याकडे नोकरीचा बायोडेटासुद्धा लग्नाच्या बायोडेट्यासारखा लिहितात. उंची, वर्ण, जात, सगळं असतं त्यात. प्रत्येक अर्जाला क्रमांक द्या आणि तू आणि आणखी एकीनं वेगवेगळं वाचून गुण द्या. जिथे दोघींच्या गुणांत मोठी तफावत पडेल तेच अर्ज समोरासमोर बसून परत वाचा.

नाव झाकलं म्हणजे झालं असंही समजू नकोस. तुमच्या कामाला कोरकू येणं लागतं, तर ते उघडपणे मोजायलाच हवं. "स्थानिकांना प्राधान्य" असं जाहिरातीत लिहायचं आणि प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी मर्जीवर सोडायचं, हे मला पटत नाही. प्राधान्य म्हणजे किती गुण, हे अर्ज उघडण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे.

जामखेडची गोष्ट तू ऐकली असशील, तरी परत सांगते, कारण निवडीच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त तिथूनच शिकले. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे आरोग्याचं काम सुरू केलं. प्रशिक्षित नर्सताईंना खेड्यात ठेवून पाहिलं, पण ते जमलं नाही. मग गावांनी आपल्यातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन बाळंतपणं, जुलाब, लसीकरण सांभाळायच्या. पुढे जगभरातून लोक त्यांचं काम बघायला आले. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूत बायाही पाचवी ते दहावी शिकलेल्या. त्यांनी घरोघर नवजात बाळं सांभाळली आणि 39 गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आता तुमची जाहिरात काढून बघ. "पदवी, इंग्रजी संभाषण, संगणकज्ञान आवश्यक." या अटी घालून त्या बायांपैकी एक तरी दारापर्यंत आली असती का?

इंग्रजी का घातलंय तेही मला ठाऊक आहे. 1 एप्रिल 2014 पासून सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याचा, कायदा लागू झाला, कंपन्यांचे पैसे आले आणि त्यांच्यासोबत तिमाही अहवाल आले. 2020 साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. अहवाल लिहिणारा वेगळा माणूस ठेवणं परवडेना, म्हणून गावात फिरणाऱ्याकडूनच इंग्रजी अहवालाची अपेक्षा सुरू झाली. अडचण खरी आहे. पण तिचा भार सगळ्यात आधी त्या कोरकू मुलीवर पडतो. तुमच्या दोन जागांपैकी एकीतच इंग्रजी लागेल अशी कामाची वाटणी करता येईल का, ते अध्यक्षांशी बोल. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

मुलाखतीच्या दिवशी सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक प्रश्नाचे गुण तिथल्या तिथे, पुढचा प्रश्न विचारण्याआधी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी 1950च्या दशकात इस्रायली सैन्यातल्या मुलाखतींसाठी अशीच रीत बसवली होती: सहा स्वभावविशेष, एकेक करून मोजायचे. मुलाखत घेणारे चिडले, म्हणाले आम्हाला यंत्रं करून टाकताय. तेव्हा त्यांनी मुभा दिली की सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा आणि हा सैनिक कसा निघेल याचा एक आकडा आतून येईल तसा द्या. तो आकडाही उपयोगाचा निघाला. अंतःप्रेरणेला मी नाकारत नाही, तिला फक्त शेवटी बसव. पहिल्या दोन मिनिटांत ती आली की पुढचा अर्धा तास आपण तिचे पुरावेच गोळा करत बसतो.

आणि मोठ्यांनी शेवटी बोलायचं. हे तुला जड जाईल, कारण तुमच्याकडेही सर आधी बोलतात आणि मग सगळे माना डोलावतात. गुणांचे कागद उलटे करून टेबलावर ठेवल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही असा नियम कर. सरांना आदल्या दिवशीच सांगून ठेव, ऐनवेळी नको. पॅनेलवर गावातली एखादी जुनी आशाताई घे. तिचे गुण सरांइतकेच मोजायचे, आणि तिच्या बुडालेल्या दिवसाचं मानधन द्यायचं.

बोलण्यापेक्षा काम बघ. उमेदवाराला अंगणवाडीत ने, वजनाच्या नोंदीचं खरं पान दे, "यात काय खटकतं?" विचार. आशाताईला आई होऊन बसू दे आणि बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं ते तिला कोरकूत समजावायला सांग. माझ्या त्या मुलीला मी एवढं अर्ध्या तासाचं काम दिलं असतं तर वहीत निदान लिहायला काही असतं.

बायकांना लग्न, मूल, "नवऱ्याची परवानगी आहे का" हे विचारायचं नाही. तुझं सासर कुठलं हेही नाही. महिन्यातून दहा दिवस मुक्कामी राहावं लागतं, हे सगळ्यांना सारखं सांगायचं आणि जमेल का विचारायचं, बस. मागचा पगारही विचारू नकोस. ज्याला पूर्वी कमी मिळालं त्याला आपणही कमी द्यायचं, हे कुठलं न्यायाचं?

स्वयंसेवकांचं वेगळं आहे असं वाटतं, फुकट येतात तर येऊ द्या. नाही गं. दोन महिने बिनपगारी राहायला ज्याला घरून पैसे येतात तोच येऊ शकतो, आणि पुढे नोकरीच्या जागा निघाल्या की "आपल्याकडे काम केलेला" म्हणून तोच पुढे जातो. वशिला असाही तयार होतो. प्रवासखर्च आणि जेवण संस्थेनं द्यावं, आणि शनिवार-रविवार येऊ शकणाऱ्यालाही जागा असावी. एका बाबतीत मात्र अजिबात सूट नको: शिबिरात लहान मुलं असतात. ओळखीच्या दोन माणसांकडे फोनवर चौकशी, ओळखपत्र, पोलीस पडताळणी, आणि मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबणार नाही हा नियम. देणगीदाराचा मुलगा असला तरी. ओळखीतला आहे म्हणून चौकशी टाळणं मी पाहिलंय, आणि त्याची किंमत कुणी भोगली तेही पाहिलंय. त्याबद्दल इथे अधिक लिहवत नाही.

एक उलटी चूकही होते. कुणाची परिस्थिती ऐकून डोळे भरून येतात आणि आपण गुण वाढवतो. मीही वाढवलेत. अशा एका मुलाला आम्ही घेतलं, त्याला हिशेबाचं काम झेपेना, आणि दयेपोटी कुणी त्याला ते सांगेना. आठ महिन्यांनी तो स्वतःच निघून गेला, मान खाली घालून. त्याला दुसऱ्या कामावर घेता आलं असतं, किंवा आधी शिकवता आलं असतं. दोन्ही केलं नाही.

निवड झाली की उरलेल्यांना कळवायचं. सगळ्यांना. अर्जावरच गळालेल्यांना दोन ओळी पुरतात, मुलाखतीला आलेल्यांना मात्र फोन कर, आणि वहीत बघून कारण सांग: "नोंदीच्या पानातल्या तीन चुकांपैकी एक सापडली, दोन राहिल्या." ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण पुढच्या वेळी काय करायचं ते तिला कळेल. मला त्या बाजारात एवढंही सांगता आलं नव्हतं.

मुलाखती परतवाड्याला ठेवल्यास ना? मग धारणीकडच्या उमेदवारांना सकाळी दहाची वेळ देऊ नकोस. घाटातून एसटीनं यायचं, वाटेत गाडी बंद पडली तर दुसरी मिळेपर्यंत दुपार होते. त्यांना दोननंतर बोलाव, तिकिटाचे पैसे आल्या आल्या हातात दे, आणि आधी जेवायला वाढ.

प्रश्नांची यादी झाली की पाठव, रात्री वाचून कळवते.

तुझी,
ताई